विमान नक्की कुठून सुटतं?

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर बायकांच्या झडत्या घेतल्या. पोलिसात नव्हत्या; चमच्यांच्या कारखान्याच्या फाटकावर होत्या. पाळी सुटली की कामावरच्या बायका रांगेने बाहेर पडायच्या आणि सासूबाई एकेकीला खांद्यापासून पोटरीपर्यंत चाचपून पुढे सोडायच्या. चमचा ही लपवायला फार सोयीची वस्तू. अंबाड्यात जातो, बाहीत जातो, मोज्यात जातो, डब्याच्या तळाशी तर हमखास. सासूबाईंच्या हाताखालून मात्र जायचा नाही. "बोटांनी नाही चाचपायचं, तळहाताने चाचपायचं," हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मला त्याचा काय उपयोग होणार होता, देव जाणे. त्यांचा दुसरा नियम असा, की जी बाई न सांगता हात वर करते तिला दोनदा तपासायचं.

त्यामुळे आमच्या घरात आपणहून चांगलं वागायची सोय नव्हती. मी न मागता चहा नेऊन दिला, की कप हातात घेण्याआधी त्या विचारायच्या, "काय फुटलं?" नवरा मध्येच एखाद्या दिवशी फळं घेऊन आला, तर "कुणाशी भांडून आलास?" नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी गल्लीतले लोक त्यांना फाटकवाल्या बाईच म्हणत आणि त्यांच्यासमोर खिशात हात घालायला कचरत.

अशा बाईला घेऊन आम्ही देश सोडून चाललो होतो, कायमचे.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. परदेशात उंच इमारती फार आणि लिफ्टवाले कमी, म्हणून त्याला बोलावणं आलं. बायको, मुलगी आणि आई यांच्यासकट. नवरा पक्का नियमाचा माणूस. लिफ्टमध्ये सहा जणांची पाटी असेल तर सातवा माणूस सख्खी आई असली तरी बाहेर, असा त्याचा खाक्या. जाण्याआधी आम्हा चौघांचीही दवाखान्यात तपासणी झाली. "तब्येतीत खोट निघाली तर तो माणूस मागे राहील," असं तिथल्या साहेबाने बजावलं होतं, आणि नवऱ्याने घरी येऊन ते आईसमोर जसंच्या तसं सांगून टाकलं. मी डोळ्यांनी खुणावत होते. पण खुणा कळणारा नवरा माझ्या नशिबात नाही. तपासणीत सगळे पास झालो, सासूबाईसुद्धा, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

पण त्याच सुमाराला समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांचं प्रकरण झालं. मास्तर एकटेच राहायचे. मुलगा बाहेरून आला, म्हणाला, आता तुम्हालाही घेऊन जातो. मास्तरांनी नवे बूट घेतले, जिन्यातल्या प्रत्येकाचा निरोप घेतला आणि ऐटीत टॅक्सीत बसले. पुढे कळलं, टॅक्सी विमानतळावर गेलीच नव्हती. ती गावाबाहेर एका वृद्धाश्रमाच्या दारात थांबली होती. "थोडे दिवस राहा, न्यायला येतो," म्हणून मुलगा गेला तो गेला. मास्तर अजून तिथेच आहेत.

ही बातमी सासूबाईंनी ऐकली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली, "विमान नक्की कुठून सुटतं?" मला वेगळं विचारायच्या, मुलाला वेगळं, नातीला वेगळं, दूधवाल्यालाही वेगळं. मग उत्तरं जुळतात का ते बघायच्या. माझी मुलगी, जिला आम्ही चिमणी म्हणतो, कंटाळून म्हणाली, "आजी, कालच सांगितलं ना तुला!"

"काल सांगितलंस ते आज बदललं नाही ना, एवढंच बघतेय," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना आमचा संशय होता, तसा मलाही त्यांचा होता. गेले बरेच महिने त्या बदलल्या होत्या. बोलायच्या माझ्याशी, पण बघायच्या माझ्या कानाशेजारून. मी समोर उभी असताना भिंतीशी बोलल्यासारखं. खूप लागायचं मला ते. जिना एकट्याने उतरणं त्यांनी बंद केलं होतं, गुडघ्यांचं कारण सांगून. पण घरात मात्र टुणटुणीत. वर्तमानपत्र चिमणीकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या, "पोरीचं वाचन सुधारायला हवं" म्हणून. आणि मी जरा पाय न वाजवता खोलीत गेले, की दचकून "कोण?" म्हणायच्या, जसं काही मी त्यांना काहीतरी करताना पकडलंच आहे. मी नवऱ्याला म्हटलं, आईंच्या मनात काहीतरी शिजतंय, त्या ऐनवेळी घोळ घालणार. तो म्हणाला, तुला सगळीकडे घोळच दिसतो. आता यात त्याच्या आईचा वारसा मी चालवत होते की काय, कोण जाणे.

निघायचा दिवस उजाडला. घरात सामान उरलं नव्हतं. कपाट होतं तिथे भिंतीचा रंग नव्यासारखा दिसत होता, साधं खोकलं तरी घुमायचं. खिडक्यांना पडदे नव्हते. मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर सासूबाई रिकाम्या खोलीत भिंतीला तळहात लावून हळूहळू चालत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दाराची चौकट, मग पुन्हा भिंत. मला वाटलं, झालं, भिंतीत काहीतरी दडवलंय आणि आता काढायची वेळ आल्यावर जागा आठवेना. मी त्या गेल्यावर तीच भिंत जाऊन ठोकून पाहिली. भिंतच होती.

अंघोळ करून बाहेर येते तो काय, बांधून ठेवलेल्या चारही बॅगा उघड्या! सासूबाई मधोमध मांडी ठोकून बसलेल्या. स्वतःची बॅग त्यांनी पार रिकामी केली होती आणि आपले कपडे आमच्या सामानात कोंबत होत्या. शाल नवऱ्याच्या अवजारांत. स्वेटर माझ्या बॅगेत. मोजे चिमणीच्या दप्तरात. आणि टाकून द्यायच्या चिंध्यांचं जे गाठोडं मी दाराशी बांधून ठेवलं होतं, त्यात त्यांचा सगळ्यात चांगला कोट.

"आई, हे काय चाललंय?"

"माझी बॅग वेगळी कशाला?"

"औषधं आहेत त्यात तुमची. हाताशी असावी म्हणून."

"औषधांना पिशवी पुरते. मास्तरांची पण बॅग वेगळीच होती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं यांचं केलं, आणि हे फळ. "आम्ही तुम्हाला तसले वाटतो?"

"फाटकावर कुणीच तसली वाटायची नाही," त्या खिडकीकडे तोंड करून शांतपणे म्हणाल्या.

"निदान माझ्याकडे बघून तरी बोला!"

त्यांनी सावकाश मान वळवली. नजर येऊन माझ्या खांद्यावर थांबली, त्याच्या वर काही सरकली नाही. एवढाही मान द्यायचा नव्हता तर! मी कोट उचलून दाखवला. "आणि हा चिंध्यांत का घातलात?"

त्यांनी हात पुढे करून कोटाची बाही चाचपली. मग म्हणाल्या, "मुद्दाम. तुझं लक्ष आहे का ते बघत होते."

हे खोटं होतं, एवढं मला कळलं. कशासाठी खोटं, ते कळेना. मी कोट त्यांच्या अंगावर टाकला आणि पाय आपटत निघून गेले. नवरा आला, पसारा बघितला आणि "राहू दे, तिचे कपडे असू देत सगळ्यांत" म्हणून एकेक चेन ओढून बंद केली. पासपोर्टांची थैली त्याने गळ्यात अडकवून शर्टाच्या आत सोडली होती, आणि दर थोड्या वेळाने छातीवर हात मारून ती आहे ना ते बघत होता. एकूण काय, घरात कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता.

टॅक्सी आली तेव्हा सासूबाईंनी पुढची जागा धरली, ड्रायव्हरशेजारची. बसल्या बसल्या उलटतपासणी सुरू. कुठे चाललोय? विमानतळावर. कुणी सांगितलं? साहेबांनी. काय शब्दांत सांगितलं? तो बिचारा आरशातून माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आमची गल्ली, कोपऱ्यावरचा न्हावी, चिमणीची शाळा मागे पडली, आणि मला त्यांच्याकडे नीट बघताही आलं नाही, कारण सगळं लक्ष पुढच्या सीटकडे.

पुढे रस्ता खोदलेला होता. ड्रायव्हरने डावीकडे वळवलं.

"थांबव," सासूबाई म्हणाल्या.

"का, आजी?"

"विमानतळाला जाताना डावीकडे वळत नाहीत. पूल लागतो. गाडी चढते. आपण चढलो नाही."

"आई, पूल बंद आहे. खोदलंय," नवरा मागून म्हणाला.

"मास्तरांना पण असंच काहीतरी खोदलेलं सांगितलं असेल." आणि सिग्नलला गाडी थांबताच त्यांनी दाराची कडी ओढली. दार उघडलं. शेजारून एक ट्रक घासून गेला, ड्रायव्हर ओरडला, नवऱ्याने मागून त्यांचा खांदा पकडला, चिमणी रडायला लागली. रडतच म्हणाली, "आजी, बघ ना समोर! पाटी आहे, त्यावर विमानाचं चित्र आहे!"

"तुलाही पढवलं असेल."

पोरीचा चेहरा पडला. आता मात्र माझी जीभ सुटली. "लेकराचं तरी खरं माना! तिच्यावर विश्वास नसेल तर स्वतः बघा. डोळे आहेत ना देवाने दिलेले?"

त्यांनी दार ओढून घेतलं. कडीवरचा हात मात्र शेवटपर्यंत काढला नाही.

विमानतळावर उतरल्यावर नवरा चिमणीला घेऊन सामानाची ढकलगाडी शोधायला गेला. मी डिकीतून पिशव्या काढत होते. सासूबाई फुटपाथवर उभ्या होत्या, कोट घालून, ताठ. त्यांच्या मागे, डोक्याच्या वर, इमारतीचं नाव पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं. काचेपलीकडे रांगा, बॅगा, गणवेशातली माणसं. शेजारून एक हमाल चालला होता. सासूबाईंनी त्याची बाही धरली.

"बाबा, खरं सांग हं. हे विमानतळच आहे ना? आश्रम नाही ना?"

हमाल हसला. "आजी, एवढं मोठं लिहिलंय की वर!"

"हो, हो. दिसलं, दिसलं," त्या म्हणाल्या, आणि वर बघून मान डोलावली. बघत होत्या त्या एका खांबाकडे. अक्षरं त्यांच्या पाठीमागे होती.

हातातली पिशवी तशीच राहिली. भिंतीवरून फिरणारा तो तळहात, जिना, वर्तमानपत्र, चिंध्यांतला कोट, आणि माझ्या कानाशेजारून जाणारी ती नजर, जिच्यासाठी मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते. या बाईचे हात आयुष्यभर सगळीकडे चाचपतच आलेले. ते आता दुसऱ्या कशासाठी चाचपतायत, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मला आधी राग आला, खरं सांगते. रडू नंतर आलं.

मी पाय न वाजवता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा हलली नाही.

"कोण?" त्यांनी हात पुढे केला, तळहात माझ्या दंडाला लागला. "तू होय."

"आई, कधीपासून दिसत नाही?"

"कोण म्हणतं?"

मी दंडावरच्या त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. त्यांचे खांदे खाली आले. "उजेड कळतो. माणूस आलं-गेलं कळतं. तोंड कळत नाही."

"पण तपासणीत तुम्ही अक्षरं वाचलीत!"

"चिमणी माझ्याआधी होती ना. केवढ्याने वाचते ती! मी पाठ केलं."

मला हसू फुटलं. "सांगितलं का नाहीत मला?"

"सांगून? तुझा नवरा कसा आहे, तुला माहीत नाही? खोट निघाली तर माणूस मागे. त्याने त्याच दिवशी साहेबाला जाऊन कळवलं असतं." हे खरं होतं. "आता तू सांगशील त्याला," त्या म्हणाल्या. "मग हे विमानतळ असलं काय नि आश्रम असला काय, मला सारखंच."

"नाही सांगणार."

"न विचारता कबूल केलंस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या दंडावरचा हात काढून घेतला.

तो हात काढून घेतला ना, ते मला सहन झालं नाही. शपथ घातली असती तर तीही त्यांनी तपासायला घेतली असती. तेवढ्यात नवरा ढकलगाडी घेऊन आला. मी म्हटलं, "पासपोर्ट दे इकडे."

"का?"

"बायकांच्या रांगेत मागतात आधी," मी ठोकून दिलं. त्याने काळीज काढून द्यावं तशी थैली गळ्यातून काढली आणि बॅगा रचायला वळला. मी ती सासूबाईंच्या हातात ठेवली. त्यांच्या कानाशी म्हटलं, "चौघांचे आहेत. तुमच्याकडे राहू देत. तुम्ही मागे राहिलात, तर आम्हालाही जाता येणार नाही."

त्यांनी थैलीत हात घातला, एकेक पासपोर्ट तळहाताने पारखला. कडा बघितल्या, शिवण बघितली.

"चौथा माझाच कशावरून?"

"विश्वास ठेवा, एवढंच म्हणू शकते मी," मी म्हटलं. त्यांनी हुंकार भरला. थैली गळ्यात घातली, कोटाची बटणं वरपर्यंत लावली आणि माझं कोपर धरलं.

नवऱ्याने आम्हाला असं हातात हात घालून चालताना लग्नापासून कधी बघितलं नव्हतं. तो थांबलाच. "काय चाललंय तुमच्या दोघींचं?"

"आईंचे गुडघे दुखतायत," मी म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. सगळ्या रांगेत तो मागे वळून वळून आमच्याकडे बघत होता, आणि मी मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होते, की याला इथे तरी कळू नये, विमानात बसल्यावर कळलं तर कळलं.

पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने आम्हा चौघांना एकदम पुढे बोलावलं. थैली सासूबाईंकडून मी घेतली आणि काचेखालून सरकवली. नवऱ्याचं झालं, माझं झालं, चिमणीचं झालं.

"आजी, कॅमेऱ्यात बघा."

कॅमेरा बाजूला एका बारीक दांडीवर होता, लिंबाएवढा. सासूबाईंनी आवाजाकडे बघितलं.

"इकडे नाही. तिकडे, वर."

त्यांनी वर बघितलं, छताकडे. मी पुटपुटले, "डावीकडे, आई." तो माणूस माझ्यावर खेकसला, "तुम्ही सांगू नका." मग त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, पुढे वाकून सासूबाईंकडे निरखून बघितलं, आणि नवऱ्याला विचारलं, "यांना दिसतं ना नीट?"

नवऱ्याने आईकडे बघितलं. ती छताकडे तोंड करून, शहाण्या मुलीसारखी, पुढच्या हुकमाची वाट बघत उभी होती. लिफ्टच्या मजल्यांचे दिवे एकामागून एक लागत वर जावेत, तसं त्याला कळत गेलेलं मी बघितलं. मी डोळे मिटले. हा माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा मला "हा रंग तुला शोभत नाही" असं खरं सांगून मोकळा झालेला. याला विचारायचं म्हणजे संपलंच.

"दिसतं की," तो म्हणाला. "चांगलं दिसतं. हट्टी आहे, मुद्दाम बघत नाही. बघ गं आई इकडे." आणि त्याने तिची हनुवटी चिमटीत धरून कॅमेऱ्याकडे वळवली.

यंत्र टिकटिकलं. चौथा शिक्का पडला.

आम्ही पलीकडे गेलो. चिमणी पुढे पळत होती, काचेतून विमानं बघायला. नवऱ्याने आईचं दुसरं कोपर धरलं होतं. सासूबाई मध्येच थांबल्या.

"बाळ्या, तू खोटं बोललास."

"हो."

सासूबाईंनी तोंड माझ्याकडे वळवलं, नेहमीसारखं कानाच्या थोडं बाजूला.

"लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे ह्याचे. बघ गं जरा. झालेत का?"

मी बघितलं.

"लालभडक झालेत, आई," मी म्हटलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.